पिच्चर सांगणारा बाप

माझा बाप लोकांना चिनी पिच्चर समजावून सांगायचा. चिनी भाषेचा एक शब्द त्याला येत नव्हता. कामतघरला लतीफभाईची एक पत्र्याची शेड होती, तिच्यात पूर्वी सूत ठेवायचे. व्हिडिओ आला तेव्हा लतीफभाईने सूत काढून टाकलं, खिडक्यांना गोणपाट ठोकलं आणि एका लाकडी खोक्यावर रंगीत टीव्ही मांडला. हिंदी पिच्चर लागायचेच, पण गर्दी व्हायची ती मारामारीच्या परदेशी पिच्चरला. यंत्रमागावर काम करणाऱ्या लूमवाल्यांना ते फार आवडायचे. फक्त कोण कुणाला का मारतो ते कळत नसे, मग आरडाओरडा व्हायचा. एकदा बाबा उठून टीव्हीशेजारी उभा राहिला आणि हातात काठी घेऊन गोष्ट सांगू लागला. लूमच्या आवाजात ओरडून ओरडून त्याचा गळा मोठा झाला होता, पार मागच्या भिंतीपर्यंत पोचायचा. त्या दिवसापासून लतीफभाई त्याला मास्टर म्हणू लागला, आणि मग सगळेच म्हणू लागले. मास्टर आले नसतील तर पब्लिक कॅसेट सुरू करू देत नसे.

आमची खोली चाळीच्या टोकाला होती. भिंतीपलीकडे बारा लूम. सकाळी आईने चुलीवर तवा ठेवला की भांडी त्या लूमच्या तालावर आपोआप वाजायची. आम्हाला तो आवाज ऐकू येत नसे, बंद पडला तरच ऐकू यायचा. शुक्रवारी लूम बंद, तेव्हा घरात सगळ्यांना आपापले आवाज मोठे वाटायचे आणि आम्ही उगाच हळू बोलायचो. जेवण रोजचं एकच. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, कधी आंबाडीची भाजी. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्यासमोर रोज संध्याकाळी बाबा हातपाय धुऊन उभा राहायचा. त्याच्या बोटांना तेलाचा वास असायचा तो साबणाने जात नसे. लूमच्या शेडमध्ये कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं ओठांवरून बोलणं ओळखतात. शेडच्या या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाला विचारतो, घरी पाहुणे आले का रे, आणि तो मान हलवतो. तोंडातून आवाज काढतच नाहीत. बाबा त्यात फारच तरबेज होता. तो म्हणायचा, चिन्यांचे ओठ वेगळे चालतात, पण डोळे आणि हात आपल्यासारखेच चालतात, तेवढ्यावर भागतं.

आता त्या पिच्चरमध्ये काय असायचं ते सांगते, कारण बाबाचं सगळं वेड तिथूनच आलं. लोकांना वाटतं नुसती हाणामारी. तसं नव्हतं. पहिली भाताची खाचरं दिसायची, अगदी आमच्या कोन-मानकोलीकडे असतात तशी. मग पोरगा शहरात जायचा. शहर म्हणजे काय, आम्ही तोंड उघडं टाकून बघायचो. एकावर एक घरं, प्रत्येक खिडकीतून बांबू बाहेर काढून कपडे वाळत घातलेले, पोरी पँट घालून कारखान्यात चाललेल्या. तेवढ्या उंच घरात जेवायला मात्र वाटीभर भात आणि सुकी मासळी. कपाटावर मेलेल्या आजा-आजीचा फोटो, उदबत्ती, आणि शेजारी रेडिओ. पोराने कोट घातला तरी म्हाताऱ्यापुढे कमरेत वाकायचा. बाबाला हे बघून भरून यायचं. तो सांगायचा, "बघा, हिरो आधी आपलं नाव सांगतो, आपल्या गुरूचं नाव सांगतो, आपलं गाव सांगतो, आन् मगच हात उचलतो. लपून मारीत न्हाय." आणि हळूच स्वतःचं घालायचा, "ही आपली माणसं हायेत. बौद्ध हायेत. कोट घातला, कारखाना काढला, बुद्ध न्हाय सोडला."

मग कुणीतरी ओरडायचं, "मास्टर, मारामारी बताओ, भाषण मत दो!" आणि सगळे हसायचे. बाबा पण हसायचा. मला मात्र तिथे बसवत नसे.

आज माझी नात मोबाइलवर कोरियाच्या मालिका बघते. ती माणसं आता हिंदीत बोलतात, कुणाला तरी पैसे देऊन बोलायला लावलेली हिंदी. आवाज एकीकडे आणि ओठ दुसरीकडे. मला ते बघवत नाही. नातीला म्हटलं, यापेक्षा माझा बाप बरं सांगायचा. ती म्हणाली, "आजी, तू पण ना." तिला मी पुढचं काही सांगितलं नाही. इथे लिहिते, कारण लिहिताना समोर कुणी तोंडाकडे बघत नाही.

मी चौथीपर्यंत शिकले आणि मग कांडीला लागले. कांडी म्हणजे लूमच्या धोट्यात बसवायची सुताची नळी. मशीनवर त्या भरायच्या, टोपलीत टाकायच्या, दिवसभर तेच. आमच्या शेडमध्ये आठ-दहा बाया-पोरी होत्या. माझ्या शेजारच्या मशीनवर रंजना होती, कोन गावची, आगऱ्यांची. गोरी नव्हती, पण ऐटबाज. केसांत अबोलीचा गजरा, तोंडात सदा बडबड. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "तू कुठची गो?" आणि मी जे बोलले ते ठरवून बोलले नव्हते. म्हटलं, जाधव, आम्ही घाटावरचे. जाधव खरं होतं. घाटावरचे खोटं होतं, आमच्या सात पिढ्या इथल्याच. पण जाधव म्हटलं की ऐकणारा कुठलीही जात धरून चालतो, आणि तिने मराठा धरून चालावं म्हणून मी घाट चढवला. त्याआधी ज्या शेडमध्ये होते तिथे माझ्यासाठी पाण्याचा वेगळा पेला होता, खिळ्याला अडकवलेला. तो खिळा मला परत नको होता. बाकी काही कारण नाही.

रंजनाचं आणि माझं फार जमलं. सुट्टीला ती मला कोनला घरी न्यायची. तिची आई चुलीपाशी बसवून वाढायची, जवळ्याचं कालवण, गरम भाकरी, वर कच्च्या कैरीची फोड. मी आत चुलीपाशी बसून जेवते आहे हेच मला इतकं चढायचं की चवीकडे लक्ष नसे. घरी येऊन आईला सांगायचे, कांडीवरच्या बाईने डबा दिला. रंजनाला मी माझ्या घरी कधी आणलं नाही. तसबीर होती ना भिंतीवर.

एका शुक्रवारी लतीफभाईने बायांसाठी दुपारचा शो ठेवला. रंजना म्हणाली, "तुमच्या कामतघरला लेडीज शो हाय, आन् तू सांगंत पन न्हाईस?" मी डोकं दुखतंय म्हटलं, घरी काम आहे म्हटलं, पण तिने मनगट धरून ओढत नेलं. मनात म्हटलं, मागे बसू, अंधार असतो, बाबाचं लक्ष टीव्हीकडे असतं. शेडमध्ये बाया गच्च भरल्या होत्या, तेलंगी, मुसलमान, आगरी, आमच्या चाळीतल्याही तीन-चार. पोरं मांडीवर, शेंगांची टरफलं खाली. बाबा धुतलेला सदरा घालून टीव्हीशेजारी काठी घेऊन उभा होता. बायांसमोर सांगायचं म्हणून केसांना तेल लावलं होतं.

कॅसेटच्या वेष्टनावर उडी मारणारा माणूस होता. आत निघालं भलतंच. मारामारी नव्हतीच. एक पोरगी गावाहून शहरात येते, रेडिओच्या कारखान्यात लागते. पट्ट्यावरून रेडिओ पुढे सरकतात, पोरी ओळीने बसून त्यात तारा जोडतात. मान वर करत नाहीत. बाया आधी कुरकुरल्या, "लतीफभाई, ये क्या लगाया?" पण मग गप्प झाल्या, कारण पोरींची ती ओळ आमचीच होती. बाबाला तर सूरच सापडला. तो म्हणाला, "ही पोर नवी हाय. मुकादम बोलतो, हात चालव. ही बोलते, चालवते बाबा, ओरडतोस कशाला." शेडमधल्या बाया खदखदून हसल्या. रंजना माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाली, "काय सांगतो गो हा माणूस! अगदी आपल्या मुकादमासारखा!" मला तेव्हा एक क्षण अभिमान वाटला होता. तो क्षणही लिहून ठेवते, म्हणजे पुढचं कमी वाईट दिसेल असं नाही.

ती पोरगी केस कापते, पँट घालते. दहाव्या माळ्यावर एका खोलीत सहा जणी राहतात, रेल्वेत असतात तसल्या फळ्यांवर झोपतात. एके दिवशी ती गावाहून आणलेलं गाठोडं सोडते आणि त्यातून वीतभर बुद्ध काढून खिडकीत ठेवते. बाकीच्या पोरी हसतात, एक जण त्याच्या डोक्यावर आपली टोपी घालते. ही टोपी काढते आणि उदबत्ती लावते, पत्र्याच्या डब्यात खोचून. बस, एवढंच. पिच्चरवाल्याने तिथे गाणं टाकलं होतं.

बाबा घसा खाकरून म्हणाला, "बायांनो, ही आपल्यातली हाय. बौद्ध हाय. बघा, कारखान्यात जाते, दहाव्या माळ्यावर राहते, पन बुद्ध खिडकीत ठेवलाय, सगळ्या गावाला दिसंल असा. कुनाला भीत न्हाय. माझी पोर पन अशीच हाय, कांडी भरते. ती काय, मागं बसलीय." आणि त्याने काठी माझ्याकडे केली. तो मला पाहून आधीच खूश होता. मी पहिल्यांदाच आपणहून त्याचा पिच्चर ऐकायला आले असं त्याला वाटलं होतं.

बायांच्या माना वळल्या. रंजनाने माझ्याकडे बघितलं. "तुझा बापूस हाय तो?"

मी म्हटलं, "न्हाय गो. आमच्या चाळीत राहतो. दिसंल त्या पोरीला माझी पोर म्हनतो. डोकं फिरलंय त्याचं."

मी हे हळू म्हटलं होतं. टीव्हीवर गाणं मोठ्याने चाललं होतं, पुढच्या रांगेलाही ऐकू गेलं नसेल. पण बाबा माझ्या तोंडाकडेच बघत होता, आणि टीव्हीचा उजेड माझ्या तोंडावर होता. ते मी विसरले असं म्हणायची सोय नाही. त्याच्याशी ओठांनी बोलत मी लहानाची मोठी झाले होते. लूमच्या शेडच्या दारातून त्याला भाकरीला बोलवायला जायचे तेव्हा आवाज कधी काढला होता?

काठी तशीच वर होती. मग त्याने ती खाली घेतली आणि त्याच मोठ्या गळ्याने म्हणाला, "माफ करा हं बायांनो. अंधारात नीट दिसलं न्हाय. माझी पोर आज आली न्हाय. ही दुसऱ्या कुनाची हाय."

चाळीतल्या ज्या तीन-चार जणी होत्या त्या माझ्याकडे बघत राहिल्या. एकीने तोंडाला पदर लावला. कुणी काही बोललं नाही. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला आज वाटतं. तेव्हा मी देवाचे आभार मानत होते, आमच्या घरात देव नव्हता तरी.

पिच्चर पुढे चालू राहिला. बाबा सांगत होता, पण नुसतं सांगत होता. आता ती बाजारात गेली, आता परत आली. शेवटी ती पोरगी कारखान्याच्या मोरीत आरशासमोर उभी राहते आणि आरशाकडे बघून बोलते, बराच वेळ. रडत नाही, नुसती बोलते. सगळा पिच्चर त्या बोलण्यात होता हे आम्हालाही कळत होतं. बाया ओरडल्या, "मास्टर, क्या बोल रही?" "सांगा ना ओ, काय बोलते ती?"

बाबा म्हणाला, "मला चिनी येत न्हाय."

सगळ्या हसल्या. त्यांना वाटलं, मास्टर गंमत करतो. रंजनाही हसली. मीही हसले.

मी मुद्दाम उशिरा घरी गेले. बाबा भाकरी खात बसला होता. आईने विचारलं, "शेवंती, तू गेलतीस का गो शोला?" माझं तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाला, "न्हाय, ही कुठं आली." आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. म्हणजे माझं खोटं आता त्यालाही बोलावं लागलं, स्वतःच्या बायकोशी. चाळीतल्या बायांनी आईला ते कधीतरी सांगितलंच असणार. तिने मला कधी विचारलं नाही, पण त्यानंतर माझ्या केसांना तेल लावायची ती बंद झाली. म्हणाली, मोठी झालीस, तुझं तू लाव.

बायांच्या शोला बाबा परत उभा राहिला नाही. लतीफभाई घरी आला, म्हणाला, "मास्टर, औरतें पूछती हैं." बाबाने गळ्याला हात लावून सांगितलं, घसा बसलाय. पुरुषांना तो सांगत राहिला, पण 'आपली माणसं' हे मात्र त्यातून गेलं. नुसती मारामारी सांगायचा. पब्लिक खूश होती.

आणि रस्त्यावर तो मला ओळखेनासा झाला. मी कांडीच्या बायांबरोबर नाक्यावरून येत असले आणि तो समोरून सायकलवर येत असला, तर मान दुसरीकडे वळवायचा. रागाने नव्हे. राग असता तर घरी दिसला असता. घरी तो माझ्याशी पूर्वीसारखाच बोलायचा, भाकरीचा पापुद्रा काढून माझ्या ताटात टाकायचा. बाहेर मात्र मी त्याची कुणी नव्हते, मला हवं तसं. एकदा शेडमध्ये मला ताप भरला. रंजना आणि दुसरी एक अशा दोघी मला धरून आणत होत्या, पाय चालत नव्हते. बाबा सायकलवर आला, हळू झाला, रंजनाला बघितलं, आणि तसाच पुढे गेला. थोड्या वेळाने आई रिक्षा घेऊन आली. मी रिक्षात पडल्या पडल्या एकच विचार केला की बरं झालं, तो थांबला नाही. हे मी लिहिते आहे, कारण हेच खरं आहे. दोन वर्षं असं चाललं आणि मला ते सोयीचं होतं.

रंजनाचं लग्न ठरलं. ती शेडमध्ये सगळ्यांना आमंत्रण देत फिरली, माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आन् तुझ्या बापसाला पन घेऊन ये."

"कुठल्या बापसाला?"

"अगो, पिच्चरवाला. किती बापूस हायेत तुला?"

माझ्या हातातली कांडी खाली पडली. ती हसत होती, पण चिडवायला नव्हे. म्हणाली, "घाटावरची म्हनं! आन् बोलतंस आमच्यासारखी, सारखी गो गो. घाटावरची अशी बोलंल का? पयल्याच दिवशी कळला मना. आन् नाक बघ तुझा, त्याचाच उचलून लावलाय."

"मग बोलली का न्हाईस?"

"तू न्हाय म्हनलीस. मी कशाला तुला खोटी पाडू?"

"आन् तुझ्या आयेला म्हाईत हाय?"

"आयेला पन म्हाईत. तुझा ताट ती दोनदा घासायची, खोटा कशाला बोलू. पन वाढायची ना?" आणि ती पुढच्या बाईला आमंत्रण द्यायला गेली, वेणी उडवत.

मला धड कशाचा राग येईना. दोनदा घासलेल्या ताटात मी जेवले होते, आणि ज्याच्या जिवावर जेवले असं मला वाटलं ते खोटं कुणी मानलंच नव्हतं. मग मी बापाला कशासाठी नाकारलं? कशासाठीच नाही. पेला नको म्हणून नाकारलं, आणि पेला ताटाच्या रूपाने तिथे होताच.

त्याच दिवशी सुट्टी झाल्यावर आम्ही सगळ्या नाक्यावर आलो. उजेड चांगला होता. बाबा समोरून येत होता, सायकलला डबा लटकवलेला. त्याची मान वळायला लागली होती. मी बायांच्या घोळक्यातून बाहेर आले आणि जोरात हाक मारली, "बाबा!" रिक्षावाल्यांनीही वळून बघितलं. रंजनाने बघितलं. बाबाने नाही बघितलं. तो कोपऱ्यावरच्या पानाच्या टपरीकडे बघत बघत माझ्या अंगावरून निघून गेला. इतका जवळून, की त्याच्या बोटांच्या तेलाचा वास आला.

मी म्हटलं, लूमने कान गेले असतील. त्या वयात सगळ्यांचेच जातात. घरी तो मोरीत पाय धूत होता तेव्हा मी पाठीमागे उभी राहून विचारलं, "मी हाक मारली ती ऐकली न्हाईस?"

"ऐकली."

"मग?"

त्याने तांब्यातलं उरलेलं पाणी पायावर ओतलं, टाच टाचेवर घासली.

"मान वळली न्हाय गो," तो म्हणाला. "आता सवय झाली."

आई आतून म्हणाली, भाकरी गार होते. तो पाय पुसून आत गेला आणि पाटावर बसला. मी त्याच्यासमोर बसले. त्याने पापुद्रा काढून माझ्या ताटात टाकला. मी खाल्ला.